पांढरा चेंडू पिवळाच आहे

२० एप्रिल, दुपारी १.४५
नवी वही. स्टेशनरीवाल्या कपिलकडे पांढऱ्या कागदाची मागितली होती, त्याने पिवळट जुनाट कागदाची दिली. परत करायला गेले तर म्हणतो, मॅडम, याच्याहून पांढरा कागद यवतमाळलाही मिळणार नाही. दारव्ह्यात आता दुकानदार हेडमिस्ट्रेसला रंग शिकवणार. भांडण नको म्हणून ठेवून घेतली.

संकल्प: टीव्हीवर स्नूकर रोज एकच तास. अडीच ते साडेतीन. छत्तीस वर्षं शाळा चालवली, एक टीव्ही चालवता येईल.

संध्याकाळी ५.५०
उद्यापासून.

२१ एप्रिल
ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहिते. होळीला सुरभी पुण्याहून आली होती. आईने दुपारी कीर्तन ऐकावं म्हणून तिने टीव्हीत एक ॲप टाकलं आणि गेली. मी कीर्तनाचं बटण दाबलं, लागलं भलतंच. हिरवं टेबल. जाकीट आणि बो घातलेला एक गृहस्थ. पांढरे हातमोजे घातलेली पंच. आणि शांतता! एवढा भरलेला हॉल, पण कुणी खोकेना. ज्या शांततेसाठी मी आयुष्यभर टेबलावर पट्टी आपटली, ती तिथे आपोआप पसरली होती. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर अगाथाला हे दाखवायला हवं होतं.

नियम साधे. पांढऱ्या चेंडूने लाल पाडायचा, मग एक रंगीत, मग परत लाल. चूक होईपर्यंत खेळत राहायचं. तोवर दुसऱ्याने खुर्चीत बसायचं. नुसतं बसायचं. समोरचा आपलं वाटोळं करतो आहे, आपल्याला बोटही लावता येत नाही, म्हणून घोट घोट पाणी प्यायचं. यात बघण्यासारखं काय आहे, असं सुरभी फोनवर विचारते. मला सांगता येत नाही. पण माझे यजमान शंकरसिंग गेल्यानंतरच्या चार वर्षांत माझी दुपार इतक्या लवकर कधी संपली नव्हती.

वेळ पाळली नाही. कूलरचं पाणी भरायला उठले नाही म्हणून तो कोरडाच फिरत होता.

२२ एप्रिल
तानाबाईलाही चटक लागली आहे. सोळा वर्षं माझ्याकडे धुणंभांडी करते. दोनला तिचं काम संपतं, पण हल्ली लसूण सोलायचं निमित्त काढून टीव्हीपुढे बसते. घरी जा म्हटलं तर ऊन उतरू द्या म्हणते. आमच्याकडे इतका लसूण कोण खातं?

आज एक अपूर्व गोष्ट घडली. एका खेळाडूची बाही चेंडूला निसटती लागली. पंचाने पाहिलं नाही, कॅमेऱ्याने पाहिलं नाही. त्याने स्वतःच हात वर करून फाऊल सांगितला आणि गपगुमान खुर्चीत जाऊन बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तानाबाईला म्हटलं, बघ, याला चारित्र्य म्हणतात. तिने विचारलं, मग त्याला कोणी मारतं का? म्हटलं, नाही, समोरच्याला चार पॉइंट मिळतात.

"मंग सांगाले काय जाते, मॅडम. चारच त पॉइंट हायेत."

काही माणसांना नीतिशिक्षण देऊन उपयोग नसतो.

२४ एप्रिल
खेळात गडबड आहे. एक चष्मेवाला खेळाडू चक्क पिवळ्या चेंडूने खेळत होता. पांढऱ्याने खेळायचं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. पंच गप्प. मी ओरडले, फाऊल! तानाबाईच्या हातून लसूण सांडला. म्हणाली, तो पांढराच आहे. तीस-पस्तीस मुलामुलींच्या वर्गात एखादी अशी निघतेच, सगळ्यांच्या विरुद्ध उत्तर देणारी. मी तिला शांतपणे सांगितलं की मी तांड्यावरची आहे. माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, घागऱ्यावर आरशांभोवती सतरा रंगांचं भरतकाम होतं. त्या रंगांत मी रांगले. मला पिवळा ओळखता येत नाही?

"येत असंन. पन थो पांढराच हाये."

ळ म्हणता येत नाही ते नाहीच, पिवळ्याला पिवया म्हणते, आणि वर मला रंग सांगते.

मध्येच खेळाडूने पंचाला चेंडू पुसायला दिला. तिने हातमोज्याने पुसपुसून परत ठेवला. तरी पिवळाच. धुण्याच्या बाबतीत तिथेही आमच्यासारखीच रड दिसते.

२५ एप्रिल
दोष टीव्हीचा आहे. आता त्यात हिरवे चेंडूही दोन दिसतात, निळा कुठेच नाही. डिश आणि टीव्हीची दुरुस्ती करणाऱ्या बादलला बोलावलं. माझाच विद्यार्थी, नववीत दोनदा. त्याने बघितलं आणि चित्र एकदम ओके आहे म्हणाला. मी म्हटलं, निळा वाढव. वाढवला. म्हटलं, आणखी. शेवटी पडद्यावरची निळ्याची पट्टी टोकाला टेकली तेव्हा कुठे मला जरा बरं दिसलं. बादल पैसे न घेताच निघाला. शिक्षकांबद्दलचा आदर अजून शिल्लक आहे.

तानाबाई म्हणते, टीव्हीतली माणसं नदीतून काढल्यासारखी दिसतात. दुर्लक्ष केलं.

२७ एप्रिल
आमच्या शाळेतून फोन. एक मेला झेंडावंदनाला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं आहे. निवृत्तीनंतर पहिल्यांदा. माझ्या जागी आलेल्या उज्ज्वलाला चार वर्षांनी सुचलं.

झेंडावंदनाच्या माझ्या तीन पांढऱ्या सुती साड्या आहेत. कपाट उघडलं आणि बघतच राहिले. तिन्ही पिवळ्या! तानाबाईला हाक मारली. ती साडी उजेडात धरून म्हणाली, बगळ्यासारखी आहे की. फक्त नीळ घालून पुन्हा धुवायला सांगितलं.

स्नूकर: साडेपाचपर्यंत. मन शांत करण्यासाठी. हे एका तासात धरायचं नाही.

२८ एप्रिल
साडी पिवळीच. पुन्हा नीळ.

२९ एप्रिल
फरक नाही. तानाबाईला आणखी घाल म्हटलं. तिने, मॅडम, आता पुरे, असं म्हणून पाहिलं. मी म्हटलं, धुणं तू धुतेस, पण डोळे माझे आहेत. यावर ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, डोये एकदा दाखवून या. मला! मी आजही दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी गर्दीतून स्कूटी काढते. शाळेच्या फाटकाला लागली ती एकदाच, आणि तेव्हा फाटकाला रंगच दिलेला नव्हता, दिसणार कसं?

३० एप्रिल
उद्या कार्यक्रम. साडी अजून पिवळट. निळीची नवी बाटली चार दिवसांत संपली, असं तानाबाई म्हणते. संपली आणि साडीत नाही, तर गेली कुठे? मी एवढंच विचारलं की नीळ तुझ्या घरी तर जात नाही ना. प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही.

तानाबाईने हात पुसले. रिकामी बाटली आणून माझ्यापुढे ओट्यावर उभी केली.

"हे घ्या. सारी तुमच्याच साडीत गेली. सोळा वर्षांत तुमच्या घरातली काडी नेली नाई मी."

चप्पल घालून गेली. टोपलीत अर्धा लसूण तसाच. येईल उद्या. जाणार कुठे?

१ मे
कार्यक्रम उत्तम. भाषणात मी पांढऱ्या रंगाचं महत्त्व सांगितलं, शुचिता वगैरे, आणि साडीचा पदर हातात धरून दाखवला. मुली खुसखुसल्या. आजकालच्या मुलींना विनय कसा तो नाहीच. उज्ज्वला म्हणाली, मॅडम, तुम्हाला हा रंग फार खुलतो. पांढरा हा एक रंग नसून सगळे रंग असतो, हे बीएस्सी झालेल्या हेडमिस्ट्रेसला मी चहाच्या वेळी समजावलं. ती नुसती मान हलवत राहिली.

तानाबाई आली नाही. भांडी तशीच.

२ मे, दुपारी ३
नाही आली. संकल्प: मी बोलावणार नाही. तिच्यावाचून माझं काहीही अडत नाही.

३.२०
कोणता चेंडू पडला ते कळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे चांगलाच असावा. फाऊल म्हणून ओरडले. फाऊल नाही म्हणायला कुणी नव्हतं. मजा आली नाही.

३ मे
बादल तिच्याच गल्लीत राहतो. त्याच्याकडून निरोप दिला की कामावर परत यायला मॅडमची हरकत नाही. तो उलटा निरोप घेऊन आला. तानाबाई म्हणते, बोलावणं नको, मॅडमनंच यावं.

हा उद्धटपणा आहे. जाणार नाही. लसूण स्वतः सोलला. बोटं दोन दिवस जळणार.

४ मे
आजपासून फायनल, दोन दिवस चालते. स्वतःचा फाऊल सांगणारा माझा गृहस्थ दुपारभर खुर्चीत. उठायची संधीच मिळाली नाही. मी पण त्याच्याबरोबर बसले. मध्ये मला वाटलं, आता हा पिवळ्याने खेळतो आहे, आणि मी बाजूला वळून तसं सांगितलंसुद्धा. बाजूला टोपली होती.

५ मे
तो हरला. मला नंतर कळलं. दुसऱ्याने ट्रॉफी उचलली तेव्हा.

६ मे
स्कूटीचं लायसन्स संपत आलं आहे, त्यासाठी डॉक्टरचा फॉर्म हवा. गेले. इंग्रजी अक्षरांचा तक्ता टांगला होता. मी वाचला आणि सांगितलं की यात एकही शब्द धड नाही, कुणी लिहिला? डॉक्टर, माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा, म्हणाला की ते शब्द नसतातच, आणि मी वाचलेली अक्षरंही त्यात नव्हती. मग डोळ्यांत दिवा मारून बराच वेळ बघत बसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगले पिकलेले. विचारतो, पांढरं पिवळं दिसत होतं का? निळं कमी दिसत होतं का?

मी म्हटलं, आमचा टीव्ही खराब आहे.

फॉर्मवर सही केली नाही. स्कूटी ढकलत आणली. ऊन पंचेचाळीस.

७ मे
दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

८ मे
घेतलं. तेच.

तानाबाईच्या दारापर्यंत गेले होते. ती बाहेर आली, या म्हणाली. मी विचारलं, आमचा मोठा झाडू कुठे ठेवलास? तिने सांगितलं. मी परत आले. झाडू मला नको होता.

१२ मे
काल यवतमाळला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुरभी आली आहे, तिच्या मोबाईलवर हे बोलून लिहून घेतलं असतं, पण मग तिने वाचलं असतं. म्हणून डाव्या डोळ्याने लिहिते. ओळी वाकड्या.

१३ मे
पट्टी निघाली. डॉक्टरचा कोट इतका पांढरा की मला दचकायला झालं. हॉस्पिटलच्या पडद्याला मी राखाडी समजत होते, तो निळा निघाला. असला निळा मी कधी पाहिला होता? एक डोळा झाकला की जुनं जग, दुसरा झाकला की नवं. सुरभी म्हणाली, आई, डोळे मिचकावू नकोस, लोक बघताहेत.

१४ मे, दारव्हा
घरी येऊन आधी डावा डोळा झाकून ही वही उजेडात धरली. कागद पांढराशुभ्र.

मग कपाट उघडलं. तिन्ही साड्या निळ्या. एक तर शाळेच्या गणवेशाच्या स्कर्टाइतकी. सुरभीने मोबाईलवर एक मेचा फोटो दाखवला. स्टेजवर सगळे पाहुणे, आणि मध्ये मी, आभाळाच्या तुकड्यासारखी, पदर उंच धरून शुचितेवर बोलते आहे. म्हणाली, आई, मला वाटलं मुद्दाम नेसलीस.

टीव्ही लावला. मेलेल्यांसारखी निळी माणसं स्नूकर खेळत होती. जुन्या मॅचचं प्रक्षेपण. निळ्याची पट्टी मागे घेतली. पांढरा चेंडू पांढरा होता. सगळ्या मॅचेस पांढऱ्यानेच खेळल्या गेल्या असाव्यात.

१५ मे, सकाळी ११
स्कूटी चालवायची बंदी. काळा चष्मा लावून तानाबाईकडे चालत गेले, ती सगळ्यात निळी साडी हातावर टाकून. वाटेत चार माणसांनी नमस्कार केला, दोघं हसली. ती दारात गहू निवडत होती. उठली नाही. मी साडी तिच्यापुढे धरली. भाषण तयार केलं होतं, वय, डोळे, उन्हाळा. त्यातलं काही आठवलं नाही. मी हात वर केला.

"तानाबाई, फाऊल माझा. नीळ तू नेली नव्हतीस."

तिने साडी घेतली, उन्हात धरली, बराच वेळ बघितली. हसली नाही, हे तिचे उपकार.

"मंग चार पॉइंट माहे," म्हणाली. सूप बाजूला सारलं. "अन् आता खेयाची पायी बी माहीच."

म्हटलं, हो, पाळी तुझीच. नियमच आहे तो.

१६ मे, दुपारी २.३०
तानाबाई आली. साड्यांतली नीळ निघेपर्यंत धुणार आहे, किती महिने लागतील सांगता येत नाही म्हणते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्ये. तोवर डॉक्टरने टीव्ही कमी बघायला सांगितलं आहे, म्हणून रिमोट तिने स्वतःच्या ताब्यात घेतला. तिची सिरीयल अडीचला लागते. एक सासू, तीन सुना, सगळ्या एकदम ओरडतात. पांढऱ्या हातमोज्यांचं कुणी नाही. लसूण मला सोलायला दिला आहे.

टेबल तानाबाईचं. मी खुर्चीत. पाणी पिते आहे.