आईचं घर मी कसं हलवलं

३ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे पाच (घड्याळात ७.४०)
आजपासून रोजनिशी. सांतियागो शहरातल्या लीडरशिप कोर्समध्ये सर म्हणाले होते, लिहाल ते घडेल. कोर्स तीन दिवसांचा. मी दोन केले. तिसऱ्या दिवशी एक मित्र मासळीबाजार दाखवायला घेऊन गेला. पण मुख्य मुद्दे दोन दिवसांत झालेच असणार.
परिस्थिती : सहा वर्षं भटकून बेटावर परत आलोय. समुद्राने किनारा इतका खाल्लाय की आईच्या स्वयंपाकघरापासून कडा चार पावलांवर. इकडे हिवाळा जूनमध्ये; त्यातलं पहिलं वादळ आलं की घर पाण्यात. म्हणून ते वर टेकडीवर, मावशीच्या जागेत न्यायचं. आख्खं. लाकडी घर ओंडक्यांवर चढवायचं, बैल जोडायचे, ओढायचं. याला मिंगा म्हणतात : गाव येतो, घर ओढतो, पोटभर जेवतो, जातो. मजुरी नाही. फक्त लीडर लागतो. तो आलाय.
आई काहीतरी सांगत होती, "येर्को, अरे मी जानेवारीतच..." म्हटलं, आई, मागचं सोड. कणखर मन पुढे बघतं. मान हलवून चुलीकडे वळली. पहिलं यश!

४ फेब्रुवारी
ठराव. रोज पहाटे समुद्रात अंघोळ, मन घट्ट होण्यासाठी. तक्रार बंद. घर २२ तारखेला, शनिवारी, हलणार म्हणजे हलणार.
पाण्यात गेलो. घोट्यापर्यंत. उद्या गुडघ्यापर्यंत.

६ फेब्रुवारी
सर्दी. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.
वाटेत आर्तेमिओ काका भेटले. गावातली सगळ्यात दांडगी बैलजोडी त्यांची. म्हटलं, २२ तारखेला मिंगा, मेसेज येईल. हसले. म्हणे मेसेजवर माझे बैल येत नाहीत बाबा. मिंगा मागायचा तर दारात जायचं, टोपी काढायची आणि "याल का?" विचारायचं. समोरचा एकदा "येतो" म्हणाला की ताप असला तरी येतो.
गावात एकतीस दारं! आणि लीडर कुणाच्या दारात मागायला जात नसतो, प्रेरणा देतो. संध्याकाळी मोबाईलवर ग्रुप काढला, 'मिशन घर'. तीन घरांत फोनच नाही. माइंडसेट, दुसरं काय.

८ फेब्रुवारी
ग्रुपवर पहिला ऑडिओ. अकरा मिनिटं. विषय : पडणं म्हणजे हरणं नव्हे. सव्वीस जणांनी ऐकला. उत्तर एकच, ओतिलिया काकूंचं. "बाळा, घसा बसलाय तुझा. आईला सांग मधाचं पाणी द्यायला."
बाकी सगळे गप्प. म्हणजे मान्य आहे.

१२ फेब्रुवारी
दोरखंड आणायला बोटीने कास्त्रोला गेलो. बंदरावर लाकूड फोडायची स्पर्धा चालू होती. एक बाई असा घाव घालत होती की बघतच राहिलो. शेवटची बोट पळत जाऊन पकडली. दोरखंड राहिला. शिट्टी मात्र आणली. पितळी. दोरखंडाने बैल हलतात, शिट्टीने माणसं.
आई म्हणाली, "दोरखंड आर्तेमिओ आणणारच आहे की, पहिल्या तारखेला..."
ओरडलोच मी. बावीस, आई, बावीस! तिला तारखासुद्धा लक्षात राहत नाहीत आताशा.

१५ फेब्रुवारी
पाच जण ग्रुप सोडून गेले. फोनमध्ये जागा नसेल. मी कालपर्यंत नऊ ऑडिओ टाकलेत.
आईला सांगितलं, साठ माणसांचं जेवण धर. "बघू" म्हणाली. घरातच असं वातावरण असेल तर माणूस वर येणार कसा?
कडा आता तीन पावलांवर. दोनदा मोजली. आज बूट मोठे होते, त्यामुळे असेल.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
भांडण. आईने चार बटाटे सोलले. चार! म्हटलं, उद्या साठ जण येतायत. म्हणाली, "कोण म्हणालं येतो?" मी ग्रुप दाखवला. तिने चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत सगळं पाहिलं, चष्मा काढला आणि पाचवा बटाटा सोलायला घेतला.

२२ फेब्रुवारी
७.०० दारासमोर उभा. शिट्टी गळ्यात. धुकं.
८.१५ शिट्टी वाजवली. एक कुत्रा आला.
९.४० परत वाजवली. ओतिलिया काकूंनी खिडकीतून विचारलं, कुणाची होडी बुडाली का रे?
१०.०० या गावाचं काही होणार नाही.
११.०० आर्तेमिओ काका बैल घेऊन येताना दिसले! धावत गेलो. ते लाकडं आणायला निघाले होते. "आज? अरे, तुझ्या आईला पहिल्या मार्चचा शब्द दिलाय आम्ही."
आई जानेवारीतच, मी यायच्या आधी, दुखरा गुडघा घेऊन एकतीस दारं फिरली होती. एकतीसही जण "येतो" म्हणालेत. मग माझा ग्रुप? काका म्हणाले, "आम्हाला वाटलं, तू रेडिओत नोकरी बघतोयस."
घरी येऊन आईवर चिडलो. सांगायचं नाही? म्हणाली, तीनदा सांगायला घेतलं.
पाच बटाटे होते. तीन मी खाल्ले.

२४ फेब्रुवारी
ग्रुप बंद केला. टप्पा एक पूर्ण झाला म्हणून. अंघोळही बंद. चिडचिड होतेय, पण ही नोंद आहे.

१ मार्च
पन्नासच्या वर माणसं. सहा जोड्या. फोन नसलेली तिन्ही घरं सगळ्यांत आधी हजर.
सुरुवात लीडरनेच करायची म्हणून मी शिट्टी फुंकली. पुढची जोडी उधळली, घर ओंडक्यांवर तिरकं झालं आणि मागची बाजू कड्याकडे हातभर सरकली. आईने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल काही लिहीत नाही.
काकांनी शिट्टी माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाले, "येर्को, तुला मोठं काम देतो. आत जा आणि आईचं ताटांचं कपाट धर."
तर घर टेकडीवर चढलं तेव्हा मी आत होतो, कपाटाला मिठी मारून. खिडकीतून नुसतं आभाळ. बाहेर सगळे एकदम "हे...प!" म्हणायचे आणि जमीन पुढे जायची. एक ताट फुटलं.
नेतृत्व आतूनही करता येतं.

७ मार्च, शुक्रवार
स्वयंपाकघरातून आता समुद्र दिसतो, पण लांब.
संध्याकाळी दार वाजलं. आर्तेमिओ काका. म्हटलं, शिट्टी द्यायला आले. तर त्यांनी टोपी काढली, दोन्ही हातांत धरली. सत्तरीचा माणूस. माझ्यासमोर. "उद्या बटाटे काढायचेत. येशील का?"
उद्या मला कास्त्रोला जायचं होतं, ती लाकूडवाली बाई फायनलला आहे. तेच सांगायला तोंड उघडलं. आई पाठमोरी होती. तिच्या हातातली सुरी थांबली.
"येतो," म्हणालो.
कसं काय निघालं तोंडातून, अजून कळत नाही. ना भाषण, ना ऑडिओ. टोपी काढली, दोन शब्द विचारले आणि माझा अख्खा शनिवार गेला. पहाटे सहाला निघायचंय. खरोखरच्या सहाला.
ही युक्ती कोर्समध्ये नव्हती. तिसऱ्या दिवशी शिकवली असणार.