रामाकोन्याच्या रस्त्यावरची गाय

माझी प्रिय मंगला,

सिस्टरांच्या शाळेतून सौसरला परतताना आपण बसमध्ये दप्तरात पिल्लू लपवून आणलं होतं, आठवतं? मोहगावच्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि दप्तर माझ्या मांडीवरून निसटून थेट त्याच्या सीटखाली गेलं. कंडक्टर ओरडला, "काय वं पोरीहो, शाळेत कुत्रं शिकवून राहिल्या का?" पिल्लाला काही झालं नव्हतं. आपण सौसर येईपर्यंत हसत होतो. मला वाटतं, तेव्हापासूनच मी धरून चालले की मांडीवर घट्ट धरलं म्हणजे जीव सुरक्षित राहतो.

आमची गाडी तू पाहिलीस. उत्तमनं निवृत्तीनंतर जुनी व्हॅन घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. तीस वर्षं त्यानं तहसीलची जीप चालवली, एक ओरखडा नाही. आता साहेबांना नाही, बायकोला फिरवायचं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. सोबत आमची दोन कुत्री, भुऱ्या आणि चिंगी. भुऱ्या सारखा पुढे येऊन गिअरवर पाय ठेवायचा, म्हणून मी त्याला बांधायचं ठरवलं. आमचे बाबा टेम्पोतून बैल न्यायचे तसंच: दावं गळ्यात, गाठ आखूड, म्हणजे जनावर हलत नाही. उत्तम खूश झाला. "पक्की बांधली तू. आता बसते बुवा गुमान."

मागच्या माघात रामाकोन्याच्या पुढे काय झालं, ते तुला जसं सांगितलं तसंच सगळ्यांना सांगितलं. गाय आडवी आली, उत्तमनं ब्रेक मारला, भुऱ्या पुढे फेकला गेला आणि आखूड दाव्यानं त्याची मान... मंगला, बैल चार पायांवर जड उभा असतो. कुत्रं उडतं. हे मला नंतर नागपूरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गळ्याला कधीच बांधू नका, छातीचा पट्टा घाला, तो सीटबेल्टला अडकवा, नाहीतर पिंजरा तळाला बोल्टनं कसून घ्या. चिंगीसाठी मी दोन्ही करून घेतलं. आता ती गाडीत बसली की मी तिचा पट्टा तीनदा ओढून बघते. उत्तम चिडवतो, "कुत्र्याले एवढं, अन् मले काहीच नाही?"

घरी कोणी आलं की तो हळूच म्हणतो, "हिनं गाठ आखूड बांधली, नाहीतर वाचला असता." मी चहा टाकायला उठते. गाठ माझीच होती.

पण त्या दिवशी रस्ता मोकळा होता. लख्ख ऊन होतं. मी त्याला संत्र्याची फोड देत होते आणि त्यानं हात पुढे केला नाही. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि तो स्वतः तिथे नव्हता. गाडी डावीकडे उतरत गेली. मी किंचाळले तेव्हा तो परत आला आणि बाभळीच्या अलीकडे कचकन ब्रेक दाबला. मग माझ्याकडे वळून, लहान पोरासारखा, म्हणाला, "काय झालं वं?" मी म्हटलं, गाय आली. त्यानं लगेच मानलं. आता तर त्याला ती गाय आठवतेसुद्धा. तांबडी होती म्हणतो.

त्यानंतर तो तसा चारदा गेलाय. एकदा कपबशी हातात असताना, एकदा दाढी करताना. मी एकटीनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: तपासणी होईपर्यंत गाडी चालवू द्यायची नाही. ती चिठ्ठी सहा आठवडे माझ्या पेटीत आहे. ती दाखवली, तर भुऱ्या कशानं गेला तेही सांगावं लागेल. उत्तमपाशी तेवढा एकच, ओरखडा नसल्याचा अभिमान उरलाय गं.

रविवारी सकाळी सहाला पचमढीला निघायचं ठरलंय. घाट आहे. मी कारणं सांगून पाहिली, तर म्हणाला, "तू नको येऊ, मी अन् चिंगी जातो." तो जाईल, मला माहीत आहे. फोनवर बोलले असते, पण दोन खोल्यांचं घर आणि त्याचे कान अजून तिखट. सुमेधला तर गायीचं मीच रडून सांगितलं होतं. लेकापुढे माझं तोंड उघडत नाही. म्हणून हे पत्र गुणवंताच्या संत्र्याच्या टेम्पोतून आज, शुक्रवारी, तुझ्याकडे पाठवते आहे. वाचलंस की लगेच नागपूरला सुमेधला फोन कर. शनिवारी रात्रीपर्यंत तो इथे पोचला पाहिजे. नाही पोचला, तर मी उत्तमच्या शेजारच्या सीटवर असेन. त्याला एकटं सोडणार नाही. माझा पट्टा मी लावीन, त्याचाही लावीन.

टेम्पोत पिंजऱ्यात चिंगी आहे, ती तुला. तिचा निळा पट्टा छातीचाच आहे, गळ्यात घालू नकोस. पाकिटातली डॉक्टरांची चिठ्ठी सुमेधला, आणि गाडीची ही चावीही त्यालाच. दुसरी उत्तमच्या उशाखाली असते, ती मला काढता आली नाही. माझी मोतिया साडी सूनबाईला, पूजाला. आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं भुऱ्याचं दावं आहे, त्याचे केस अजून अडकलेत त्यात. ते उत्तमला दे. पण सुमेध शेजारी असतानाच दे, आणि सांग, गाठ सुनंदाची होती, पण गाय नव्हती.

तुझीच, दप्तर नीट न धरलेली,
सुनंदा