ताई, तुझा वर्ग काल कामी आला!

प्रिय ताई,

तुला जाऊन वर्ष होत आलं. काल लेबर रूममधून बाहेर आलो आणि सवयीनं तुला फोन लावायला निघालो. आता ही बातमी कुणाला सांगू? म्हणून लिहितोय.

राहुरीतला तुझा तो वर्ग आठवतो? आम्ही सगळे डॉक्टर. वाटलं, भूलतज्ज्ञ बाई नवीन औषधांबद्दल बोलतील. तू तर मला, सख्ख्या भावाला, पेशंट म्हणून टेबलावर आडवं केलंस आणि स्वतः तापट सर्जन झालीस! हातात चुकीचं इंजेक्शन. कुणीतरी तुला फक्त "थांबा" म्हणायचं होतं. एकाच्याही तोंडून शब्द फुटेना.

"मोठ्यानं बोला! तुमच्या भिडेपायी माझा भाऊ मरतोय!" तू ओरडलीस. हसू आवरेना म्हणून मेलेला पेशंटच उठून बसला!

घरी येताना मी विचारलं, "डॉक्टरांना नाटकं कशाला शिकवतेस?"

"अरे, ज्ञान सगळ्यांकडे असतं. घाई, भूक, थकवा आणि साहेबाची भीती आडवी येते."

काल तेच झालं बघ. कोपरगावच्या आपल्या दवाखान्यात ऊसतोडीला आलेली सुनीता बाळंत झाली. मुलगी ठणठणीत, पण आईचा रक्तस्राव थांबेना. रक्ताची पिशवी आली. मी ओरडलो, "लावा लवकर!"

आफरीन, आमची नवी डॉक्टर, तुझ्या शेवटच्या वर्गातली. तिनं पिशवीवरचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. "सर, थांबा! ही दुसऱ्या सुनीताची पिशवी आहे. रक्तगट वेगळा आहे!"

आवाज थरथरत होता गं तिचा, पण सगळ्यांना ऐकू गेला! योग्य पिशवी आली. औषधांनी रक्तस्रावही आटोक्यात आला. मी तिथंच, सगळ्यांसमोर, आफरीनचे आभार मानले. पिशवी आणणाऱ्याला रागावलो नाही. त्याऐवजी सारख्या नावांच्या पेशंटांसाठी काय बदलायचं, ते सगळ्यांनी बसून ठरवलं. तू असतीस तर हेच केलं असतंस ना?

सुनीताचा नवरा दाराशीच उभा होता. "लई घाबरलो हुतो, साहेब. पोरगी तर नुसती वरडती!"

"वरडू द्या," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

एक तक्रार आहे. इतक्या लवकर का गेलीस? हे बघायला तू हवी होतीस.

येत्या रविवारपासून तुझा वर्ग मी पुन्हा सुरू करतोय. आफरीन सोबत शिकवणार आहे. मी चुकलो तर भर वर्गात टोकणार, अशी तिची अट आहे. तिला कबूल केलंय. तुलाही शब्द देतो, तोंड वाकडं करणार नाही!

तुझा,
बाळू