नेमगिरीचा पाचवा चढ

जिंतूर
शनिवार, १० जानेवारी २०२६
दुपारचे दोन

आदरणीय बसवराज अप्पा,

शरणार्थ. तुमच्याच घरात शिकलेला शब्द आहे, म्हणून तोच लिहितो.

सगळं बदललं ते बुधवारी सकाळी, नेमगिरीच्या पाचव्या चढाला. तुम्हाला वाटत असेल मंगळवारी, तुमच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी आवाज चढवला तेव्हा. ते नुसतं भांडण होतं. बुधवारचं वेगळं आहे. त्याच्यावर येतो, जरा दम धरा.

आमच्याकडं सगळे बरे आहेत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. तूर काढणीला आलीय. काकूंनी आईला संक्रांतीचं वाण घ्यायला बोलावलंय, आई साडी काढून बसलीय. हे पत्र वाचल्यावर ते बोलावणं राहील का, मला माहीत नाही.

आता उद्याच्या दौडीचं. आज संध्याकाळी पाच वाजता तुम्ही परभणीला निघणार, पाहुण्यांकडं मुक्काम, सकाळी सहाला एकवीस किलोमीटर. आदल्या दिवशी मी सगळ्यांना सांगतो तेच: नवा बूट घालायचा नाही, जेवणात नवं काही खायचं नाही, पहिले तीन किलोमीटर असे पळायचे की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलता येत नसेल तर पळणं जास्त झालं. हे सगळं खरं आहे अप्पा. मी शिकवलेल्यातलं बरंचसं खरंच होतं. म्हणून तर बाकीचं खपून गेलं.

'दुखायलंय म्हंजे वाढायलंय.' रोज पहाटे मी हे आपल्या ग्रुपवर टाकायचो. कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं. तुम्ही ते पुठ्ठ्यावर लिहून दुकानात पितळी घागरींच्या वर लावलंत. तो पुठ्ठा काढून टाका.

दसऱ्याच्या आसपास तुम्ही पहिल्यांदा चढावर थांबलात. "भागवत, छातीवर कुणी पाटा ठेवल्यावानी वाटायलंय रे." मी लगेच म्हणालो, "अप्पा, गळ्यातली लिंगाची डबी आपटायलीय. चांदीची हाय, पळताना एकाच जागी हाणती." तुम्ही इष्टलिंग अंगावेगळं करणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून म्हणालो, दंडाला बांधा. तुम्ही फडक्यात गुंडाळून डाव्या दंडाला बांधलंत. पंधरा दिवसांनी डावा हात भरून यायला लागला, तेव्हा मला काही बोलावंसुद्धा लागलं नाही. तुम्हीच हसलात. "फडकं लय आवळून बसलंय."

काय दुखतंय ते तेव्हा मला माहीत नव्हतं, इमानानं सांगतो. पण डबी नाही, एवढं कळत होतं. कारण तुम्ही थांबलात की पाटा उतरायचा. डबी तर छातीवरच असायची.

मग का बोललो? डॉक्टरांनी तुम्हाला साखरेसाठी नुसतं चालायला सांगितलेलं. पळायला मी लावलं. तुम्ही दवाखान्यात गेला असतात तर पळणं बंद झालं असतं, आणि पळून आल्यावर तुमच्या ओट्यावर बसणं बंद झालं असतं. चहा घेऊन तुमची त्रिवेणी यायची.

लिहिलं एकदाचं.

मी कॉलेज सोडलं ते सरांशी भांडून, असं गावभर सांगतो. भांडण झालं होतं, पण तेवढ्यावर कुणी दुसऱ्या वर्षातून घरी येत नाही. त्रिवेणी शिक्षण संपवून जिंतूरला परत आली, म्हणून मी आलो. तिला यातलं काहीच माहीत नाही. 'साखर कमी झाली का' याच्यापलीकडं ती माझ्याशी बोललेली नाही. तिच्यावर चिडू नका.

माझा मित्र सिद्धोधन मेडिकल दुकानात असतो. तीस डिसेंबरला मी त्याला सहज विचारलं. त्यानं हातातलं गोळ्यांचं पाकीट खाली ठेवलं. "थांबलं की उतरतंय? हातात जातंय? आन् तू त्या मानसाला पळवायलास? येडा हायस का. आजच्या आज ईसीजी काढायला ने त्येंना."

मी तसाच तुमच्या दुकानावर आलो. शप्पथ, सांगायलाच आलो होतो. दुकानात पेढे वाटणं चाललेलं. त्रिवेणीची सोयरीक जमली, पोरगा उदगीरचा, इंजिनिअर. तुम्ही माझ्या तोंडात पेढा घातलात. "कोच, आ कर."

मी पेढा खाल्ला आणि घरी आलो. त्याला आज अकरा दिवस झाले.

मंगळवारी त्रिवेणीला मागताना मी काय काय बोललो ते परत लिहीत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. आवाज न चढवता म्हणालात, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, शेतातलं काम अर्ध्यात सोडतोस. माझी पोरगी अर्ध्यात सोडलीस तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" गिऱ्हाइकं हसली. माझे कान तापले. तुम्ही मात्र पुढं म्हणालात, "सकाळी चढ हाय ना? येतो मी. पळणं येगळं, हे येगळं."

दौडीला चार दिवस राहिले की कुणालाही दमवायचं नसतं. शिकाऊ पोरालाही हे कळतं. मी तुम्हाला टेकडीचे सहा चढ ठरवून दिले.

पाचव्याला तुम्ही दगडावर बसलात. ओठ राखेसारखे झालेले, थंडीत मानेवरून घाम चाललेला, उजव्या हातानं डावा दंड धरलेला. मी घड्याळात बघत उभा राहिलो. तुम्हाला वाटलं, मी वेळ घ्यायलोय. अप्पा, मी वेळ घेत नव्हतो. वाट बघत होतो. एक मिनिट चाळीस सेकंद. फोन खिशात होता. खाली रस्त्यावर ऑटो उभा होता, हाक मारली असती तर वर आला असता. मी हाक मारली नाही.

मग तुम्ही उठलात आणि माझ्या खांद्यावर हात टेकलात. म्हणालात, "तू उभा व्हतास म्हणून धीर आला, पोरा."

सहावा चढ मी नको म्हणालो. तुम्हाला ती माया वाटली.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. काल फोन करून सांगितलं, अप्पा, रविवारी नका पळू. तुम्ही हसलात. "पोरगी दिली न्हाई म्हणून दौड बी काढून घ्यायलास का?" आणि फोन ठेवलात. परत लावला तर उचलला नाहीत. काकूंना लावला, त्या म्हणाल्या, "भागवत, डोकं शांत कर, मग बोल."

म्हणून कागदावर लिहितोय. माझ्या तोंडच्या शब्दाला आता किंमत राहिली नाही. पण मोडता घालायला आलेला माणूस स्वतःविरुद्ध, स्वतःच्या अक्षरात, एवढं लिहीत नाही. हा कागद ठेवून घ्या. कुणाला दाखवायचा त्याला दाखवा. पोलिसांनाही.

उद्या पळू नका. परभणीला आजच जा, पण दवाखान्यात, गाडीत बसून. दंडाचं फडकं सोडा, लिंग गळ्यात घाला, आणि डॉक्टरांना छातीचं आणि हाताचं दोन्ही सांगा. कुठल्या चढाला काय झालं तेही सांगा.

साडेतीन झाले. पत्र तुमच्याच हातात देणार, दुसऱ्या कुणाच्या नाही. तुम्ही वाचून होईपर्यंत पायरीवर थांबतो. त्रिवेणी तिथं असली तर तिच्यादेखत मोठ्यानं वाचा. मारायचं झालं तर उजव्या हातानं मारा, डाव्याला जोर देऊ नका.

माफी आज मागत नाही. ती मागायची तर तुम्ही असायला पाहिजेत.

आई आतून विचारायलीय, कुठं चाललास. तुमच्याकडं म्हणालो, तर म्हणती, काकूंना सांग, मी येते. बाहेर आलो, दार ओढून घेतलं. सही त्या बंद दारावरच कागद टेकवून करतोय, म्हणून अक्षर हललंय.

आपला (हा शब्द खोडायचा असेल तर खोडा),
भागवत