पाटीच्या पायातले गोटे

कुरखेडा, मंगळवार, १७ जानेवारी १९८४

जीपच्या पुढच्या सीटवर आज पुष्पचक्र बसलं आणि मी मागे स्टेपनीवर. फुलांना धक्का लागू नये म्हणे. माझ्या कंबरेला तेवढी प्रतिष्ठा नाही.

दुसऱ्या महायुद्धात जंगलात विमान पडलं, आतले चौघे मेले, त्या जागी स्मारकाची पाटी लावायला निघालो होतो. चाळीस वर्षांनी आमच्या समितीला त्यांची आठवण झाली, कारण अध्यक्षांना निवडणुकीला उभं राहायचंय. पाटीवर अध्यक्षांचं नाव मोठं, मेलेल्यांची चार नावं खाली मुंग्यांसारखी. मजकूर कोणी लिहिला? मीच.

पाटी उभी राहीना. शेजारी गोट्यांचा ढीग होता. "आयतेच आहेत, घाला पायात," हेही मीच म्हणालो.

वाट दाखवायला आलेले गावचे म्हातारे लालसूभाऊ धावत आले. "काऊन काढून राह्यले जी? थे मेलेल्यायचे गोटे हायेत. इथून जानारा एकेक ठेवते."

अध्यक्ष हसले. "त्यांची नावं तरी माहीत आहेत का तुम्हाला?"

"नावं नाई मालूम. मानसं मेले, थे मालूम हाये."

"आता बसलेत तर राहू द्या," म्हणत अध्यक्षांनी फोटो काढून घेतला आणि सगळे बुंदी खायला गेले. निर्लज्ज माणूस. आणि मी कोण?

मी मागे राहिलो, लालसूभाऊही. गोटे उपसून ढिगावर परत ठेवले. पाटी कलली. कलू दे. मग नाल्यातून एक गोटा आणला, माझ्या वाटचा. लालसूभाऊ पुढे आले. ढिगावरचे दोन गोटे सरकवून त्यांनी जागा केली.