तीन नंबरची कुंडी

प्रिय आई,

शेवटच्या आजारपणात एका दुपारी तू मला विचारलं होतंस, "तुझे बाबा त्या कुंडीपायी रागावले असतीन काय वं अजून?" मी तुझं पांघरूण सारखं केलं आणि विषय बदलला. आज उत्तर मिळालं, म्हणून लिहायला बसले.

सकाळी कामठीला कमलकाकूंकडे गेले होते. आपल्या जुन्या शेजारीण. नागपूरच्या क्वार्टरमधून निघताना त्यांनी तुझ्या पुदिन्याची मुळं सोबत नेली होती, ती त्यांच्या अंगणात अजून फुटताहेत. त्यातली मूठभर ओल्या फडक्यात बांधून आणली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "काय आहे वं त्याच्यात?" "आईचा पुदिना," मी म्हटलं. तिने वास घेतला आणि सरकून जागा दिली.

आपल्या क्वार्टरचा व्हरांडा आठवतो तुला? बाबांनी गेरू लावलेल्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. ऑफिसातल्या फायलींवर घालावेत तसे पांढरे नंबर. एक नंबर तुळस, दोन ओवा, तीन पुदिना, चार गवती चहा, पाच नंबरमध्ये कोथिंबीर, तुझा सांबार. तीन नंबरमधला पुदिना तुझ्या माहेरचा, रामटेकच्या विहिरीजवळचा.

तुला वाफा हवा होता. बाबा ऐकत नव्हते. "बदलीची नोकरी आहे. ऑर्डर आली त वाफा उचलून नेशीन काय?"

"मे महिन्यात कुंडीले हात लावून पाहा एकदा. तव्यावानी तापते."

खरं तुझंच होतं. दुपारच्या उन्हात कुंड्यांची माती कडा सोडायची, पुदिन्याची पानं काळी पडायची. बाबांना ते बघवत नसे. ऑफिसातून जेवायला आले की आधी नळाचं पाणी आणून घालायचे. उन्हात पडलेल्या पाइपातून आलेलं ते पाणी, हात पोळायचा. तू दारातून म्हणालीस, "चहा करून राहिले काय त्याचा?" बाबा रागावले, आणि जेवताना स्वतःच हसले.

त्याच आठवड्यात तू मला मागच्या अंगणात बोलावलंस. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तुझ्या हातात हातोडी. "धर वं घट्ट." मी कुंडी धरली आणि तू तिचं बूड ठोकून काढलंस. मग बैठकीच्या खिडकीखाली, गारव्यासाठी लावलेल्या वाळ्याच्या ताटीचं पाणी दिवसभर ठिबकायचं तिथं, ती अर्धी जमिनीत बसवलीस. वरून कुंडी, खालून वाफा. बाबांना सांगितलंस, "तिथं सावली आहे." ते खोटं नव्हतंच.

पंधरा दिवसांत पुदिना कुंडीबाहेर सांडायला लागला. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "पाहा. हे म्हणते कुंडीत जगत नाही. जमीन कशाले पाहिजे?" तू पदर तोंडाला लावून आत निघून जायचीस. मी तुला म्हटलं होतं, सांगून टाक. "सांगीन ना. पावसाळा लागू दे."

पावसाळ्याआधी ऑर्डर आली, चंद्रपूरची. ट्रक दारात उभा होता. इतर कुंड्या हमालांनी चढवल्या, तीन नंबर मात्र बाबा स्वतः उचलायला गेले. कडेला धरून त्यांनी हिसका दिला. मुळं तुटल्याचा आवाज झाला आणि खालून सगळी माती सांडली. बाबांनी ती कुंडी वर धरून आरपार पाहिलं. पलीकडे तू उभी होतीस.

बाबांनी कुंडी होती तिथं पुन्हा ठेवली, सांडलेली माती ओंजळीने भरली, तळव्याने दाबली. कमलकाकूंना म्हणाले, "पाणी टाकत जा, वहिनी." आणि ट्रकमध्ये जाऊन बसले.

आई, तू तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर? निदान एक काडी तरी सोबत घ्यायची होतीस. पुढच्या तीन गावांत तू काही लावलं नाहीस. बाबांनीही तुला कधी कुंडी आणून दिली नाही. पुदिना बाजारातून यायचा आणि तो विषय कोणी काढायचं नाही.

रिटायर झाल्यावर बाबांनी नागपूरला परत येऊन नव्या लेआउटमधल्या प्लॉटवर घर बांधायला घेतलं. ते पुरं होईपर्यंत तू थांबली नाहीस.

आज मुळांसोबत मी एक नवी कुंडीही आणली. बाबांना कुंडीच आवडते, असं वाटलं. त्यांनी फडकं सोडलं, एक पान चुरगळून हुंगलं. बराच वेळ हात नाकाशी धरून बसले. मग म्हणाले, "हातोडी कुठं आहे?"

मी नव्या कुंडीकडे पाहिलं.

"आण ना वं. आणि धर घट्ट. तुले त सवय आहे."

म्हणजे माझंही त्यांना ठाऊक होतं. सत्तरीतल्या हातांनी तीन घावांत त्यांनी बूड काढलं. कूलरचं पाणी जिथं गळतं तिथं खड्डा केला, कुंडी गळ्यापर्यंत पुरून आत मुळं लावली.

"तुम्ही आईवर रागावला होता का हो?" मी विचारलं.

"तिच्यावर काहून रागावीन? ती माह्याच बदलीच्या ऑर्डरीच्या धाकात जगत होती." माती दाबत ते म्हणाले. "तिले एक वाफा द्यायचा होता. आता बदली होत नाही, त लावून राहिलो."

वर राहिलेल्या काठाला त्यांनी गेरू लावला आणि तो वाळल्यावर त्यावर पांढरा तीन काढला.

मी रोज ऊन चढायच्या आत पाणी घालीन. आणि ही कुंडी, आई, मी कोणाला उचलू देणार नाही.

तुझी,
मंदा