मुठीतलं मूळ

वैशाख, सोमवार. संभाजीनगर, घरी परतल्यावर.

आज मी खोटं बोलले. म्हणजे बोलले नाही, गप्प राहिले. तेही तेच.

वैजापूरजवळच्या शांताकाकूंच्या मातीत सूत्रकृमी आहेत. ते मुळांत शिरतात, मुळांना गाठी येतात आणि कलिंगडाचा वेल फळ धरायच्या आतच सुकतो. म्हणून आम्ही संशोधन केंद्रातल्यांनी रानातल्या कडू इंद्रावणाच्या खुंटावर कलिंगडाचं कलम केलं होतं; इंद्रावणाची मुळं या कृमींना दाद देणार नाहीत, ही आशा. फळांचा तोडा झाला, म्हणून आज मुळं तपासायला काही वेल उपटले. स्वच्छ, पांढरी मुळं. काकूंचा चेहरा उजळला.

“पुढल्या साली समद्या रानात हेच लावते, ताई!”

तेवढ्यात माझ्या हातातल्या मुळावर गाठ दिसली. ज्वारीच्या दाण्याएवढी. मी मूठ मिटली. का? इतक्या वर्षांच्या कामासाठी, की त्यांच्या त्या चेहऱ्यासाठी?

गाडी फाट्यापर्यंत आणली आणि पुढं नेववेना. परत गेले. ते मूळ त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“काकू, ही गाठ मी लपवली होती.”

त्यांनी ती गाठ बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, “तुमी मूठ झाकली तवाच मला कळलं व्हतं. चला, उरलेले वेल बी उपटू. खरं काय ते दिसू द्या.”

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी उपटत होतो. आणखी तीन गाठी निघाल्या. तिन्ही काकूंनीच शोधल्या, आणि दर वेळी मला हाक मारून दाखवल्या.